ते कडवं कापण्यासाठीच लिहिलं होतं

मावशी गेली तेव्हा मी जालन्यात होते. कलेक्टर कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून निवेदनाच्या प्रती लावत होते आणि फोन वाजला. मावसभाऊ होता. "सुजा, आई गेली," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. हातातले कागद शेजारच्या मैत्रिणीकडं दिले आणि मिळाली ती गाडी पकडली. अंबडपर्यंतचा रस्ता तो केवढा! पण तेवढ्यात मावशीचा फोटो फोनवर फिरायला लागला होता. कुणीतरी तिचा तरुणपणचा फोटो शोधून काढला होता, रेडिओ केंद्रातला, माईकसमोरचा. वर लिहिलं होतं, 'निर्भीड विडंबनकार कमलताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि फोटोखाली चार ओळी. तेच कडवं. माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईंनाही तो फोटो आला होता. त्या स्वतःशीच हसल्या आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बघा तरी, काय गमतीचं लिहायची बाई!" मी खिडकीकडं तोंड केलं...

ते कडवं मी इथे देणार नाही. ज्यांना पाठ आहे त्यांनी विसरावं, ज्यांना ठाऊक नाही त्यांनी शोधू नये. बोलताना अडखळणाऱ्या एका बस कंडक्टरची त्यात नक्कल आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. माझी मावशी आयुष्यभर रेडिओसाठी विडंबनगीतं लिहीत होती, स्वतःच गात होती, शंभराच्या वर तरी असतील, आणि ती गेल्यावर लोकांच्या तोंडी उरलं ते हे एक कडवं. रेडिओवर कधीही न वाजलेलं, तिनं कधीही न गायलेलं. ते लोकांच्या तोंडी कुणी घातलं हेही आत्ताच सांगते. मी घातलं. संपादकांनी सांगितलं होतं, आठवणी लिहा, जरा हळुवार लिहा. हळुवार मला येत नाही. पत्रकं लिहून लिहून हात तसाच झालाय. आणि राग उतरायची वाट बघत बसले असते तर हा लेख झालाच नसता.

तेराव्यानंतरच्या रविवारी अंबडला शोकसभा झाली. तालुक्यातले एक पुढारी अध्यक्ष होते. मावशी हयात असताना हे गृहस्थ तिच्या दारात एकदाही आले नव्हते. भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या कमलताईंनी त्या काळात कुणाला सोडलं न्हाई! सरकारला सोडलं न्हाई, पुढाऱ्याला सोडलं न्हाई, बिचाऱ्या कंडक्टरला पण सोडलं न्हाई!" आणि मग त्यांनी ते कडवं म्हणून दाखवलं. नुसतं म्हटलं असतं तरी एक वेळ... त्यांनी ते अडखळून अडखळून, मान झटकत, ओठ दाबत साभिनय केलं. सभागृह हसलं. शोकसभेत, हार घातलेल्या फोटोसमोर, माणसं टाळ्या वाजवून हसली. मी उभी राहिले आणि ओरडले, "बंद करा ते! ते तिनं लोकांसाठी लिहिलेलं नाही!" पुढाऱ्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि हसत हसत उलगडला. "ताई, कशाला रागावता? तुमच्याच पत्रकात छापलंय की. हे बघा, खाली तुमच्याच संघटनेचं नाव." लोक परत हसले. मी खाली बसले. आजवर मी बऱ्याच पुढाऱ्यांशी भांडले, पण समोरचाच बरोबर आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मावशी अंबडच्या कोर्टात टायपिस्ट होती. दिवसभर दुसऱ्यांचे वाद टाईप करायची आणि घरी येऊन, खटल्यातल्या कुणा दारू प्यालेल्या नवऱ्याच्या जबानीला एखाद्या नाजूक भावगीताची चाल लावायची. रेडिओवर तेव्हा रविवारी दुपारी विनोदी कार्यक्रम असायचा, आणि त्यातलं शेवटचं विडंबनगीत ऐकल्याशिवाय लोक जेवणावरून उठायचे नाहीत, असं माझी आई सांगते. चाल सगळ्यांच्या ओळखीची, शब्द मात्र आपल्या घरातले. रॉकेलची रांग, हातपंपाचा दांडा, लग्नात रुसलेले व्याही, गेलेली वीज, मतं मागायला आलेला आणि निवडून आल्यावर न दिसलेला उमेदवार. आजकाल 'रेडिओचा सुवर्णकाळ' असं म्हणत गळा काढणारी मंडळी खूप झालीत. त्यांना मला विचारायचंय, कुठंय ते सोनं? मी त्या केंद्रात जाऊन विचारून आले. एकही गाणं शिल्लक नाही. टेप महाग, म्हणून या रविवारचा कार्यक्रम वाजला की त्याच टेपवर पुढच्या रविवारचा भरायचा, ही तिथली रीत. मावशीचा आवाज मावशीच्याच आवाजानं पुसला आणि शेवटचा कुणा तिसऱ्याच्या भाषणानं. भाषणं मात्र ठेवली आहेत हं! उद्घाटनांची, सत्कारांची, सगळी नीट नंबर घालून. लोकांना हसवणारं जपून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही, कारण हसणं ही टवाळी, कामाची गोष्ट नव्हे. आणि आता हातातल्या फोनवर दर दुसरा माणूस विडंबन करतो. चाल उसनी, शब्द उसने, आणि विनोद काय तर बायकोचं जाडेपण. याला हे लोक परंपरा म्हणतात.

गाणं रेडिओवर जायच्या आधी त्याच्या तीन प्रती कार्बन लावून टाईप करायच्या आणि मंजुरीला पाठवायच्या. केंद्रात एक साहेब होते, हातात कायम लाल पेन्सिल. कुणाचं नाव नको, पक्ष नको, जात नको, सरकारी नोकराचा अपमान नको, कुणाच्या व्यंगावर विनोद नको. नियम वाईट नव्हते. पण साहेबांची अडचण वेगळीच होती. काहीही न कापता गाणं पास केलं तर त्यांना वरून विचारणा व्हायची, तुम्ही वाचलं तरी का? म्हणून काहीतरी कापायलाच पाहिजे. सुरुवातीला ते हटकून चांगलंच कडवं कापायचे. मावशीनं दोन-तीन वेळा सोसलं आणि मग युक्ती काढली. प्रत्येक गाण्यात एक कडवं मुद्दाम कापण्यासाठी लिहायचं. असं की साहेबांची पेन्सिल सरळ तिथेच जाईल, त्यांचं काम होईल, आणि बाकीचं गाणं धडधाकट बाहेर पडेल. देवाला नारळ फोडतात तसं. त्या कडव्याला ती 'साहेबांचं कडवं' म्हणायची. ते जितकं वाईट, जितकं आगाऊ, तितकं चांगलं. या सगळ्या गाण्यांची तिनं फाइल ठेवली होती, तिच्यातल्या कार्बन प्रतींवर दर गाण्यात एका कडव्यावर लाल तिरकी रेघ आणि शेजारी साहेबांची सही आहे.

हे कागद केंद्रापर्यंत पोचवायचे आसाराम कंडक्टर. वडीगोद्रीचे. तीर्थपुरीहून अंबडवरून, रेडिओ केंद्र होतं त्या शहराला जाणाऱ्या गाडीवर ते वर्षानुवर्षं होते. पोस्टानं पाठवलं तर वेळेत पोचेल याची खात्री नाही, म्हणून मावशी स्टँडवर जाऊन पाकीट त्यांच्या हातात द्यायची. शहराच्या स्टँडवर केंद्राचा शिपाई ते घ्यायचा, आणि दोन दिवसांनी लाल रेघ मारलेली प्रत त्याच गाडीनं परत यायची. आसारामकाका बोलताना अडखळायचे. शब्दाच्या दारातच थांबायचे, मग एकदम सगळं वाक्य बाहेर. त्यांचं अडखळणं मी इथे अक्षरं तोडून लिहून दाखवणार नाही, तेच तर सगळ्यांनी केलं. मला त्यांची आठवण आहे ती रिटायर झाल्यानंतरची. दर रविवारी वडीगोद्रीहून गाडीनं अंबडला यायचे, मावशीच्या ओसरीवर बसायचे, दोघं चहा प्यायचे आणि पेपरातली एकेक बातमी घेऊन तिला चाल लावायचे. मावशी विधवा. गल्लीतल्या बायकांना बोलायला विषय हवाच होता. एकदा एकीनं विचारलंच, "काय कमलताई, कंडक्टर आज पण आल्ते?" मावशी म्हणाली, "आल्ते ना. तुझं तिकीट काढून गेले, जाऊन बघ." ती बाई पुन्हा फिरकली नाही.

आता माझं सांगते. तीर्थपुरीच्या बाजूची सकाळची गाडी बंद झाली. त्या गाडीनं अंबडला कॉलेजात येणाऱ्या मुली घरी बसल्या. दोघींची लग्नं ठरायला लागली. आम्ही निवेदनं दिली, थांब्यावर बसलो, कुणी दखल घेईना. त्याच दिवसांत मावशी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं होते. ती म्हणाली, "सुजे, गाडीचंच भांडण करून राह्यली ना तू? मंग कपाटातली फाइल ने. गाडीवरचं गाणं हाय त्यात. वाच, पोट धरून हस, अन् परत आणून दे." मी घरी येऊन वाचलं. पहिलं कडवं असं होतं:

थांबा आहे, पाटी आहे, गाडी तेवढी नाही
उन्हासंगं सरकत गेलो, सावली उरली नाही
हात दाखवून हात दुखला, तिला दिसत नाही
धूळ तेवढी भेटून जाते, गाडी थांबत नाही

आज हे वाचते आणि स्वतःच्या अकलेची कीव येते. आमच्या मुलींचं अख्खं दुखणं चार ओळींत होतं, आणि मला ते मिळमिळीत वाटलं! मला पत्रक दिसत होतं. मला ठिणगी पाहिजे होती. मी पानं उलटली, लाल रेघ दिसली, आणि माझ्या डोक्यात मथळा तयार झाला: 'रेडिओनं दाबलेलं कडवं आज पहिल्यांदा!' आम्हा चळवळीतल्या लोकांची ही खोडच आहे. कुठंही लाल रेघ दिसली की तिच्याखाली सत्य दडलंय असं आम्हाला वाटतं. जे कापलं गेलं ते खरं, जे वाजलं ते तडजोड. ती रेघ मारून घ्यायलाच कुणी ते लिहिलं असेल, हे माझ्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसतं. मावशीला विचारायला पाहिजे होतं. मैत्रिणींना मी सांगितलं, ती दवाखान्यात आहे, तिला कशाला त्रास. खोटं होतं ते. ती नको म्हणेल अशी भीती होती, म्हणून विचारलं नाही. आणि कडव्यातल्या कंडक्टरवरून आसारामकाका मला आठवलेही नाहीत. कडवं छापलं, खाली तिचं नाव घातलं, त्याच्या खाली संघटनेचं. माझं नाव कुठंच नव्हतं. पत्रकावर आम्ही आमची नावं घालत नाही, त्याला आम्ही साधेपणा म्हणतो.

पत्रक भयंकर चाललं. अंबडच्या बाजारात, तीर्थपुरीच्या स्टँडवर, कोर्टाच्या आवारात, सगळीकडं. पोरांनी त्या कडव्याला चाल लावून व्हिडिओ केले, कंडक्टरची टोपी घालून अडखळायची नक्कल केली. गाडीची चर्चा सुरू झाली, आणि तीन आठवड्यांनी सकाळची गाडी परत चालू झाली. आम्ही पहिल्या गाडीला हार घातला. मुली खिडकीतून हात हलवत गेल्या. आता सांगा, त्या दिवशी कुणी मला चूक म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं का?

चूक म्हणणारी एकच होती, आणि ती कॉटवर पडून होती. मी तिला विजय सांगायला गेले, पेढे घेऊन. पत्रक तिच्या उशीशी होतं. कुणी दिलं होतं कोण जाणे. तिनं पेढा हातात घेतला आणि तसाच बशीत ठेवला.

"हे कुणी दिलं तुला छापायला?"

"फाइलीतच होतं की मावशी. साहेबानं कापलेलं."

"अगं ते कापायसाठीच लिहिलं होतं!" ती एवढ्या जोरात बोलली की शेजारच्या खोलीतून सून धावत आली. मग आवाज एकदम खाली आला. "पाहिजे त्या गाण्यातलं घ्यायचं. दुसऱ्या कुठल्या पण गाण्यातलं... हेच कसं सापडलं तुला?"

तेव्हा तिनं मला साहेबांच्या कडव्याची सगळी रीत सांगितली. मी ओशाळले, पण खरं सांगायचं तर थोडीच. मी म्हटलं, जाऊ दे मावशी, गाडी तर चालू झाली. ती म्हणाली, "आसारामभाऊ दोन रविवार झाले आले न्हाईत. फोन उचलत न्हाईत. तू जा वडीगोद्रीला. सांग त्यांना, मी छापलं, मावशीला ठाऊक नव्हतं." मी विचारलं, तूच का सांगत नाहीस, चिठ्ठी दे, मी पोचवते. तिनं मान हलवली. "मी सांगितलं तर ते म्हणतील, आता सारवासारव करून राह्यली. ज्यानं छापलं त्यानंच तोंडानं सांगायला पाहिजे. जल्दी जा, सुजे."

मी म्हटलं, शनिवारी मोर्चा आहे, मग जाते. मोर्चा झाला. मग दुसऱ्या गावाची गाडी बंद झाली. मग निवडणुका आल्या आणि आम्हाला सगळ्या उमेदवारांकडून लिहून घ्यायचं होतं. दर वेळी ती विचारायची, "गेल्ती का?" आणि दर वेळी माझ्याकडं एखादं मोठं, सार्वजनिक, लोकांच्या भल्याचं कारण असायचं. वडीगोद्री अंबडपासून काही परदेशात नाही. गाडीनं तासाभराच्या आत माणूस पोचतं. ज्या गाड्यांसाठी मी भांडत होते त्यातल्याच एका गाडीत बसायचं होतं फक्त. मावशीनं आसारामकाकांच्या चहासाठीचं रविवारचं जास्तीचं अर्धा लिटर दूध घेणं बंद केलं नाही. सोमवारी सून त्याचं दही लावायची, आणि मी गेले की मावशी म्हणायची, "हिला वाढ ते दही. हिचंच हाय." पाच महिने मी ते दही खाल्लं.

सहाव्या महिन्यात ती गेली. आसारामकाका अंत्यविधीला आले नाहीत. शोकसभेला आले नाहीत, आणि बरं झालं आले नाहीत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वडीगोद्रीला गेले. आता जाण्यात काही शौर्य नव्हतं, हे मला कळत होतं. हायवेच्या कडेला त्यांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या मागं घर. दुपारची वेळ होती. आसारामकाका पत्र्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी पायानं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. मी घोकून आणलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, "काका, ते मी छापलं. मावशीनं दिलं नव्हतं. तिला विचारलंही नव्हतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग.

"चुकलं म्हणून कधी कळलं तुला?"

"छापल्यावर महिन्याभरात. मावशीनंच सांगितलं. तुमच्याकडं जा म्हणाली होती."

"अन् आज आली."

"हो."

"आता मला सांगून काय करतीस? जिला ऐकायचं होतं ती गेली."

त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी पाणी प्याले. मग त्यांनी विचारलं, "ते कडवं कुणी लिहिलं, ठाऊक हाय का तुला?"

"मावशीनं."

"मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि थांबत थांबत, मध्ये श्वास घेत सांगितलं. साहेब पुढं पुढं हुशार झाला होता. मावशी सरकारवर एखादी आगाऊ ओळ टाकायची, तर तो ओळखायचा की हे मुद्दाम टाकलंय, ते राहू द्यायचा आणि दुसरंच कापायचा. गाडीच्या गाण्यात कंडक्टरवर एक चांगलं कडवं होतं, ते वाचवायचं होतं. "कमलबाई स्टँडवर कागद घेऊन उभ्या. म्हणल्या, आता याला काय देऊ कापायला? मी म्हणलं, माझं बोलणं द्या. व्यंगावर हसलेलं त्याला खपत न्हाई, बराबर तेच कापंल. तर न्हाई म्हणल्या. बिलकुल न्हाई म्हणल्या. मंग मीच लिहिलं, चालत्या गाडीत, तिकिटाच्या पुठ्ठ्यावर. लई मजा आली लिहिताना. जल्मभर लोकांनी माझी नक्कल केल्ती, पहिल्यांदा मी केली. परतीच्या फेरीला त्यांच्या हातात दिलं, म्हणलं, घ्या, टाईप करा. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मंग म्हणल्या, आसारामभाऊ, हे कापलं न्हाई तर मी गाणंच परत घेईन."

"आणि कापलं?"

"कापलं की! म्हणून तर दिल्तं. कापलं जाणार म्हणूनच दिल्तं." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "त्या न्हाई म्हणल्या होत्या, हे माझ्या ध्यानात राह्यलं असतं तर मी रागावलो नसतो. पण कागदावर खाली त्यांचं नाव बघितलं, अन् मला वाटलं, म्हातारपणी बाईला टाळ्या पाहिजेत. आमच्या दोघातलं होतं ते. बाजारात वाटलं."

मावशीनं मला हे सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत एकदाही नाही. 'ते त्यांनीच लिहिलंय गं' एवढं एक वाक्य बोलली असती तर तिच्यावरचा आळ उतरला असता, आणि मीही बहुतेक दुसऱ्या पत्रकात ते छापून मोकळी झाले असते. म्हणूनच बोलली नसणार. ती मला ओळखून होती. आज मी ते लिहिते आहे ते आसारामकाकांनी लिही म्हटलं म्हणून. मी त्यांना तीनदा विचारलं. विचारायचं कसं, ते आता शिकते आहे.

ज्यांनी ते कडवं फोटोखाली टाकलं, ज्यांनी टोपी घालून व्हिडिओ केले, ज्यांनी हार घातलेल्या फोटोसमोर मान झटकून दाखवली, त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे: पुसून टाका. माझं पत्रक फाडा. आणि कमलताईंचं काही लक्षात ठेवायचंच असेल तर जे रेडिओवर वाजलं ते ठेवा. ते वाजावं म्हणून दोन माणसांनी काय काय केलं होतं.

निघताना काका म्हणाले, "गाणं सगळं लिहून घे. फाइलीत असलं तरी माझ्याकडून घे." मी वही काढली. त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. गाताना ते अडखळत नाहीत, एका अक्षरावर नाही. थांब्याचं कडवं झालं, टपावरच्या सामानाचं झालं, आणि मग कंडक्टरचं, जे वाचवायचं होतं ते:

दाराशी तो एका पायावर, आत केवढी दाटी
तरी म्हणतो सरका थोडं, म्हातारीच्यासाठी
साऱ्या गाडीत बसले सारे, तो उभा वाटोवाटी
तिकीट फाडलं सगळ्यांचं, त्याचं कुणाच्या गाठी?

"आता पहिल्यापासून वाच," ते म्हणाले. मी वाचायला लागले. टपावरच्या सामानाचं कडवं संपलं, पुढचं सुरू करणार तर त्यांनी बोट वर केलं.

"इथं होतं ते, कापलेलं. रेडिओवर इथनं गाणं सरळ पुढं जायचं, कुणाला काही कळायचं न्हाई. रविवारी आमची गाडी अंबडला वीस मिनटं थांबायची. मी कँटीनमध्ये, कमलबाई माझ्या उजवीकडच्या बाकड्यावर, वर रेडिओ. रेकॉर्डिंग आधीच झालेलं असायचं. लोकांनी मागितलं म्हणून हे गाणं दोन-तीनदा नव्यानं भरून लागलं असंल. इथं आलं की आम्ही दोघंच हसायचो. सगळी कँटीन आमच्याकडं बघायची, की हसण्यासारखं काय झालं आत्ता..."

आणि ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत, मान उजवीकडं वळवून. उजवीकडं मी नव्हते, भिंत होती. त्यांचं हसून होईपर्यंत मी पुढची ओळ वाचली नाही.